उजवीकडचा रकाना

मॅडम, तुम्ही अर्धाच कागद वाचलात आणि एका माणसाची वाट लावलीत.

"हे तुझंच अक्षर ना, संचिता?" तुम्ही विचारलंत. केबिनमधला एसी अंगावर येत होता आणि टेबलावर माझा कागद होता. डावीकडे वेळ, मध्ये काय झालं, उजवीकडे काय केलं.

अक्षर माझंच. ठाण्याच्या एका खासगी हॉस्पिटलात मी सोळा वर्षं ऑपरेशननंतरच्या खोलीत नर्स आहे. सर्जन हात धुऊन जातो. शुद्धीवर येताना जो थरथरतो, रडतो, शिव्या घालतो, तो पेशंट माझ्या वाट्याला. दर पंधरा मिनिटांनी बघायचं आणि लिहायचं. ही सवय मी घरी नेली, एवढीच माझी चूक.

रत्नदीप उंच इमारतींना बाहेरून रंग द्यायचा. बाविसाव्या मजल्यावर दोराला लोंबकळून. मी छत्तीसची, तो चाळिशीचा. महिन्यातून एखाद्या रविवारी दुपारी, डोंबिवलीच्या माझ्या खोलीत, तो मला त्याच्या हातच्या गाठींनी बांधायचा आणि पट्ट्यानं मारायचा. तोंड वाकडं करायचं असेल तर आत्ताच करून घ्या. मी मागायचे म्हणून मारायचा. किती, कुठे, कुठवर, हे आधी बसून ठरायचं. थांबायचा शब्द होता 'मोहने', त्याचं गाव.

"गावाचं नाव कशाला गं?"

"गाव म्हटलं की आई आठवेल, तुझा हात आपोआप थांबेल."

"येडी आहेस तू."

पण तुम्हाला सांगायचं होतं ते नंतरचं. दोर सुटला की अंग हलकं होतं आणि मग एकदम पायाखालचं काहीतरी निघून जातं. थंडी वाजते. रडू येतं, कशाचं ते कळत नाही. कधी लगेच, कधी दोन-तीन दिवसांनी. तेव्हा तो मला गोधडीत गुंडाळायचा, मीठ घातलेली पेज भरवायचा आणि माझे तळपाय मांडीवर घेऊन बसायचा. तासन्‌तास. त्यालाही व्हायचं. माझ्या मनगटाकडे बघून विचारायचा, "मी केलं हे?" मग मी त्याच्या डोक्यावर हात ठेवायचे. त्याला धीर यावा, पुढचं कळावं, म्हणून मी कागद आखला.

"हे हॉस्पिटलसारखं नको ना यार."

"हॉस्पिटलसारखंच पाहिजे. घाबरलास की काय बघायचं ते समोर असेल."

तीन दिवसांनी दुपारी त्यानं फोन करायचा, हा नियम. त्या बुधवारी तो कल्याणला दोरावर होता आणि फोन खाली पिशवीत. मी कपडे बदलायच्या खोलीत रडत बसले. सिस्टरनं मला तुमच्याकडे पाठवलं. स्टाफच्या मनाचं बघायला नेमलेल्या तुम्ही. तुम्ही पाणी दिलंत, बाळा म्हणालात. म्हणून मी सगळं सांगितलं. पर्समधून कागद काढून दिला, तोही अभिमानानं. बघा, माझी कशी काळजी घेतो तो!

तुम्ही मोठ्यानं वाचलंत. "मनगटावर वळ. थरथर. रडले, वीस मिनिटं."

"उजवीकडचं पण वाचा ना, मॅडम."

गोधडी. पेज, अर्धी वाटी. पाय धरून बसला. उठून गेला नाही.

तुम्ही नाही वाचलंत. "बाळा, मारणारा नंतर लाड करतोच. यालाच सवय लागणं म्हणतात."

माहीत आहे मला. माझा नवरा न विचारता मारायचा आणि संध्याकाळी गजरा आणायचा. सात वर्षं. तेव्हा याच हॉस्पिटलात सुजलेला गाल घेऊन ड्यूटी केली. कुणी केबिनमध्ये बोलावलं नाही. हा फरक माझ्यापेक्षा कुणाला कळणार? पण मला विचारलंत कुठे? फॉर्मवरून माझ्या भावाचा नंबर काढलात आणि फोन केलात. छत्तीस वर्षांच्या बाईच्या भावाला.

माझा भाऊ विनीत चार पोरं घेऊन रत्नदीपच्या कामावर गेला आणि त्याला मारत चौकीत नेलं. मी पोलीस चौकीत पोचले तेव्हा रत्नदीप बाकड्यावर होता, कोपरापर्यंत पांढरा रंग, ओठ फुटलेला. हवालदार तुमच्याकडून आलेला कागद वाचत होता. उजवीकडचं त्यानं वाचलं, मॅडम. हसायला.

"पेज भरवतो साला! आमची बायको आम्हाला भरवत नाय."

"साहेब, माझी तक्रारच नाहीये," मी म्हणाले.

"तू गप ए," विनीत ओरडला. "अब्रू घालवलीस घराची. आणि तो पण कोण, तर..." पुढचं बोलला नाही. बोलायची गरज नव्हती, सगळ्यांना कळलं.

परत भेटणार नाही असं रत्नदीपकडून लिहून घेतलं. सही करून तो माझ्याकडे वळला. "जेवलीस?" एवढंच विचारलं. चौकी खदाखदा हसली.

दीड महिन्यानं पत्ता लागला. टिटवाळ्याला मावशीकडे, केशरबाईंकडे राहतो. नव्या बिल्डिंगच्या गेटवर बसतो. दोर सोडला, वर गेलं की हात कापतात म्हणे. रविवारी मी गेले. त्यानं चहा आणला, कप ओट्यावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकला.

"हातात दे ना रे."

"नको." तो खाली बघत होता. "ते चौकीत वाचत होते ना, मी ऐकत होतो. असा माणूस कुठं भेटला असता तर मीच धरून हाणला असता त्याला."

"मी मागितलेलं, रत्न्या."

"मार खाणाऱ्या सगळ्या बायका असंच बोलतात. त्या मॅडम तुझ्या भावाला बोलल्या ना."

मी हात पुढे केला. त्यानं दोन्ही पंजे काखेत दाबून धरले. मावशी दारातून म्हणाल्या, "असाच बसतो गं दिवसभर. जेवतानाच काय ते काढतो."

माझे वळ आठवड्यात गेले, मॅडम. हजारो माणसं मी शुद्धीवर येताना पाहिली. याला कसं आणायचं ते मला येत नाही, कारण तो मला जवळ येऊ देत नाही. तुम्ही शिकलेल्या आहात. तुमच्या भिंतीवर सर्टिफिकेटं आहेत. मग सांगा, आता याच्याजवळ कोण बसणार? नुसतं बघू नका. बोला.