क्रुसाचं काम क्रुसापाशी

बाळकुमच्या आळीतला जुना क्रूस कार्मेलिनबायच्या अंगणात होता, आणि तो हलवल्याशिवाय तिथं टॉवर उठणार नव्हता. म्हणून बिल्डरचा माणूस नेल्सन आला, आणि आल्या आल्या क्रुसाचा मुका घेऊन ओट्यावर टेकला.

"माय, लिफ्टवाला फ्लॅट मिळेल, गुडघ्यांचे हाल संपतील. सगळ्या आळीनं सह्या दिल्यात, तुमचीच राहिलीय. फक्त कुणाला बोलू नका, लोक जळतात."

गुडघे तर ठणकतच होते. लिफ्टच्या नावानं कार्मेलिनबाय लोण्यासारखी विरघळली, हात पेनाकडे गेलासुद्धा. तेवढ्यात रोजच्या प्रार्थनेतली 'आम्हाला मोहात पडू देऊ नकोस' ही ओळ ओठांवर आली आणि हात थांबला.

"आज संध्याकाळी क्रुसापुढं मे महिन्याची प्रार्थना आहे. सगळी आळी जमेल. तिथंच करते सही."

"अहो, गर्दीत कशाला?"

"क्रुसाचं काम क्रुसापाशी, बाबा. मघाशी मुका घेतलास, आता लाजतोस होय?"

संध्याकाळी मेणबत्त्या लागल्या, प्रार्थना झाली, उकडलेले चणे वाटले, पण नेल्सन फिरकला नाही. कार्मेलिनबायनं सगळ्यांना विचारलं, "सह्या दिल्यात म्हणे तुम्ही?"

"छे गं," शेजारची रेजिना म्हणाली, "मला तर सांगून गेला, माझीच राहिलीय."

"मलापण तेच," पास्कूकाका म्हणाले. घरोघरी तेच निघालं.

"येशूला पकडून देताना मुका तर जुदासनंही घेतला होता," कार्मेलिनबाय म्हणाली, तशी अख्खी आळी हसली. मग सगळ्यांनी पुन्हा गाणं धरलं. ठणकत्या गुडघ्यांवर उभी राहून कार्मेलिनबाय अशी गायली, की आळीबाहेरच्या हायवेचा आवाज फिका पडला.