फुकटची वाटेकरीण

थोरलीचं कापडाचं दुकान भर चौकात, आणि तिची धाकटी बहीण त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत शिवणयंत्रावर. एकीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा, दुसरीच्या बोटांना सुईची भोकं. तरी गाढ झोप लागायची ती धाकटीला. थोरली उशीखालच्या किल्ल्या चाचपत कूस बदलायची, आणि दिवसा मागून गुणगुणणं आलं की तिच्या पोटात दुखायचं :

माझ्या घराला नाही दार, चोर येऊन काय नेई
हसू ओठीचं उचलता, त्याच्या ओठी राहून जाई

पौर्णिमेला थोरलीने विहारात भिक्षूंच्या चीवरांसाठी अख्खा तागा दिला. भन्ते म्हणाले, देणाऱ्याला पुण्य, आणि ते देणं पाहून ज्याचं मन आनंदलं त्यालाही पुण्य. मागे बसलेल्या धाकटीने हात जोडून ‘साधु, साधु, साधु’ म्हटलं. चेहरा असा उजळला, जणू तागा तिनेच दिला! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. कापड माझं, आणि ही बया नुसत्या आनंदावर वाटेकरीण!

पुढच्या खेपेला तिने शक्कल लढवली. भर दुपारी, कुणाला कानोकान खबर न लागू देता तागा काखोटीला मारून विहार गाठला. धाकटीला सांगू नका, अशी भन्तेंना गळ घातली. का, तेही तोंडातून निसटलंच.

भन्ते हसले नाहीत. अंगणाकडे बोट दाखवून म्हणाले, ‘‘सकाळी तुझी बहीण हे सगळं झाडून गेली. तू साधु म्हण, तुझाही वाटा होईल. त्याला पैसे पडत नाहीत.’’

फुकटातला सौदा, आणि समोर जन्मभर घासाघीस केलेली बाई. पण शब्द ओठांपर्यंत आला नि आवंढ्याबरोबर खाली गेला. तशीच उठून आली.

दुकानात यंत्र खडखडत होतं. तोंड का उतरलंय, जेवली नाहीस का, धाकटीने विचारलं. गिऱ्हाइकाकडे गेले होते, ही थाप तयार होती.

‘‘विहारात गेले होते,’’ थोरली म्हणाली. ‘‘तागा द्यायला. तुला कळू नये म्हणून चोरून.’’

धाकटीचा हात चाकावर थांबला. नजर जरा खाली गेली, वर आली.

‘‘साधु, ताई.’’ आणि तोच चेहरा, तेच उजळणं.

थोरलीला आत चावलंच. तरी स्टूल ओढून ती समोर बसली आणि दुसऱ्याच्या ताटात डोकावावं तशी बघत राहिली.

‘‘काय गं?’’

‘‘काही नाही. पुन्हा म्हण.’’