डगमगणाऱ्या टेबलाची बाजू

मित्रांनो, मी एक जुनं जेवणाचं टेबल आहे. माझ्यावर एक कविता आहे आणि तिला सभागृहात टाळ्या पडल्या आहेत. पण मी फुशारकी मारायला बोलत नाही. मला माझी बाजू सांगायची आहे.

सुताराने मला घाईघाईत उरकलं. माझा एक पाय जरासा आखूड राहिला. "चालतंय," म्हणून त्याने हात झटकले. पुढे एका नव्या जोडप्याने मला घरी आणलं. तो कवी, ती दवाखान्यात नर्स. पहिल्याच सकाळी चहा हिंदकळून सांडला. तेव्हा ती वाकली आणि पुठ्ठ्याची घडी माझ्या आखूड पायाखाली सरकवली. फरशी पुसताना घडी भिजायची, मग ती कामावर निघण्याआधी नवी लावायची. "सुताराला बोलाव ना," असं तिने एकदा त्याला सांगितलं होतं. तो "हं" म्हणाला आणि ओळ पुरी करू लागला. माझ्यावर कोपर टेकून त्याने ढीगभर कविता लिहिल्या. मी हलत नव्हतो, म्हणून त्याने खाली कधी पाहिलं नाही.

त्यांचं नेमकं काय बिनसलं, मला ठाऊक नाही. भांड्याला भांडं लागायचंच, पण इथे हळूहळू बोलणंच बंद झालं. शेवटी घटस्फोट झाला. ती त्यांच्या मुलीला घेऊन गेली. मी त्याच्याकडे राहिलो.

थोड्याच दिवसांत मी डगमगू लागलो. त्याला वाटलं, मी तिच्या विरहाने थरथरतोय. कवीच तो! त्याने कविता लिहिली. तिच्यात बायको दगड झाली, घराची राख झाली आणि मी बिचारा हुंदके देत होतो. लोक हळहळले. मला दुःख झालं होतं, खोटं कशाला बोलू? पण हलत होतो तो पायामुळे.

एका रविवारी मुलगी आली. कवितांचं पुस्तक छापायला जायचं होतं. त्याने कौतुकाने तिला ती कविता दाखवली. तिने कागद माझ्यावर ठेवला.

"बाबा, आई दगड नाहीये. हे छापलंस तर मी तुझ्याकडे येणार नाही."

"अगं, प्रेम संपलं की कवितेत असंच लिहितात."

"आणि टेबल रडत नाहीये. आई खाली पुठ्ठा लावायची. तुला माहीतच नाही?"

तो गुडघ्यांवर बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने माझा पाय पाहिला. त्याने घडी लावली, ती जाड झाली. दुसरी लावली, ती पातळ झाली. अगदी नाकी नऊ आले. शेवटी मुलीने आईला फोन लावला आणि स्पीकर चालू करून माझ्यावर ठेवला.

"टेबलाखालची घडी किती पदरी असायची?" त्याने विचारलं.

फोनमधून ती म्हणाली, "चार पदरी. उघडी बाजू भिंतीकडे ठेव, नाहीतर झाडूत अडकते."

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं होतं. तू लिहीत होतास."

ती परत आली नाही, मित्रांनो. तिने फोन ठेवला, त्याने घडी लावली आणि मी स्थिर झालो. ती कविता त्याने पुस्तकातून काढली आणि दुसरी लिहिली. तिच्यात राख नाही, दगड नाही. एक बाई वाकते आणि एक माणूस लिहीत राहतो, एवढंच. मुलीने ती वाचली आणि माझ्यावर डोकं टेकून बसली. ती अजूनही रविवारी येते.

माझं मागणं मोठं नाही. तुमच्या घरात जे डगमगत नाही, त्याच्याखाली एकदा वाकून बघा. तिथे कुणाचा हात लागत असेल, तर ते माणूस घरात आहे तोवरच बघा.