दोन किलोचं जॅकेट

"हलकं म्हणजे किती हलकं?" मी दुकानवालीला विचारलं.

"दोन किलो, काकू. तुमचं जुनं पाच किलोचं आहे."

"मग तीन किलोचं काढलंत काय त्यातून? हवा तरी धरतं ना, की तीही काढून ठेवली?"

ती हसली. समुद्रात बुडी मारायचं सामान विकणारी ही मुलगी, बुडी शिकवणाऱ्या आमच्या ह्यांचीच विद्यार्थिनी, म्हणून माझं तिखट तोंड निमूट ऐकून घेते. पाठीची कडक पाटी काढलीय म्हणाली, धातूच्या कड्या जाऊन प्लॅस्टिकच्या आल्यात, घडी घातली की उशीएवढं होतं. हवा भरली की माणूस वर तरंगतो, सोडली की खाली जातो, ते काम तसंच. हवा मावते थोडी कमी, पण उबदार पाण्यात जाड पोशाखाचं ओझं नसतं, तेवढी पुरते. आम्हाला जायचंय त्या बेटाच्या छोट्या विमानात माणशी पंधराच किलो नेता येतात आणि एकेक जुनं जॅकेटच त्यातले पाच किलो खातं.

पण सामान हे निमित्त होतं. दोन वर्षांपासून ह्यांचं विसरणं वाढत चाललंय. लेक माझ्यावर कडाडलीच, "आई, वेडबिड लागलंय का तुला? बाबांना पाण्यात नेतेस?" मी म्हटलं, दोन पुरुष खोलीपेक्षा खाली जाणार नाही, सोबत तिथला शिक्षक असेल. एकदाच जाऊ दे, शेवटचं. तिचं डोकं खाऊन खाऊन अखेर एका अटीवर तिचा होकार मिळवला: दुकानात जॅकेट घालून बाबांनी उतरण्याआधीची तपासणी बिनचूक केली, तरच जायचं. चुकले तर तिकिटं रद्द.

ती तपासणी म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. जोडीदारांनी एकमेकांचे पट्टे, नळ्या, टाकीतली हवा, सगळं हाताने चाचपायचं. "जोडीदाराशिवाय घोटाभर पाण्यातही पाय टाकायचा नाही," असं तीस वर्षं पोरांच्या कानीकपाळी ओरडले. आणि ह्यांची जोडीदार मी. दुसरी कुणी कधी नव्हतीच.

दुकानवालीने आम्हा दोघांना जॅकेटं चढवली, टाक्या लावल्या.

"चला, सुरू करा," मी म्हटलं.

आणि काय सांगू! ह्यांनी हवा भरली, सोडली. माझे खांद्यांचे पट्टे ओढले, टाकीचा पट्टा हलवून बघितला, तोटी पूर्ण उघडी आहे ना ते पाहिलं, नळीतून दोन श्वास घेऊन काट्यावर नजर टाकली. सकाळी दात घासायला विसरलेला माणूस हा! मी तिथेच लेकीला फोन लावला. मनात म्हटलं, घे, बघ आता.

फोन वाजत होता, तेवढ्यात ह्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

"छान. सगळं नीट आहे तुमचं. पहिल्यांदाच उतरताय का? घाबरू नका, बाई. तुमचा जोडीदार कोण?"

"अहो, थट्टा पुरे. तुम्हीच की."

"मी नाही हो," ते अगदी मायेने म्हणाले. "माझी जोडीदार माझी बायको. येईलच इतक्यात. निघताना कुलूप तीनतीनदा ओढून बघते, मग उशीर होतो."

आज सकाळीही तीनदा ओढलं होतं मी कुलूप. जिन्यात उभे राहून हेच करवादले होते. तेवढ्यात लेकीने फोन उचलला.

"हॅलो? आई? चुकले का गं बाबा?"

"नाही," मी म्हटलं. "एकही चूक नाही केली."

"मग जाताय तुम्ही?"

"नाही गं. तिकिटं रद्द कर."

मी फोन ठेवला. दुकानवाली कधीची पाठ करून उभी होती, खांदे हलत होते तिचे. तिने डोळे पुसून माझी टाकी उतरवली, मग ह्यांची. ह्यांचं जॅकेट काढायला गेली, तर हे बाकावर जाऊन बसले.

"राहू दे. ती येईपर्यंत असू दे."

मी शेजारी बसले. "अहो, उकडेल. काढा ना."

"माझे पट्टे तीच सोडते," ते म्हणाले आणि दाराकडे बघत राहिले.

चाळीस वर्षं सोडलेत मी ते पट्टे. आज मात्र हात लावायची माझी हिंमत झाली नाही.