लीलाकडची चैत्रगौर

लीला आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आली, ती आपल्यावर अन्याय झालाय असं ठरवूनच. नवऱ्याची, देवव्रतची, रेल्वेतली बदली नागपूरहून काशीला झाली आणि तिने त्याचं खापर संकठा घाटाजवळच्या आम्हा मराठी बायकांवर फोडलं. "शरदिनीताई, इथे मला कोणी विचारत नाही," हे तिचं पालुपद. मी ऐकून ऐकून विटले होते.

चैत्रात घरोघर गौर बसली. एका दुपारी कैऱ्या द्यायला वर गेले, तर बाईसाहेब रडत बसलेल्या. "कालिंदीकाकूंकडे सगळ्या हळदीकुंकवाला गेल्या. मला बोलावणंच नाही!"

माझं लक्ष फळीकडे गेलं. तिथे स्टीलचे डबे बसले होते, आणि एकही तिचा नव्हता.

"हा कुणाचा गं?"

"काकूंचा. मला टायफॉइड झाला तेव्हा त्या मऊ भात आणायच्या."

"आणि तो?"

"सुरेखाचा. दिवाळीचा चिवडा होता."

"आणि हा तर माझाच!"

लीला ओशाळली. "रिकामा डबा परत कसा करायचा? काहीतरी छान करून देईन म्हटलं, आणि राहूनच गेलं."

"धन्य आहेस! विचारणाऱ्यांचेच डबे अडवून बसलीस आणि वर रडतेस? त्यांना वाटतं, तुला त्यांचं काही आवडलं नाही. मुँह फुगवणं बस झालं. आता तुझी बारी."

जरा जास्तच बोलले, पण मला राग आला होता. लीला काकूंचा डबा मांडीवर घेऊन बसून राहिली. "काकूंचे गुडघे दुखतात," ती हळूच म्हणाली. "तरी जिना चढून यायच्या. आणि मी त्यांच्याशी धड दोन शब्द बोलले नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आंब्याची डाळ केली, सगळे डबे भरले आणि घरोघर जाऊन स्वतः दिले. काकूंच्या पाया पडली. संध्याकाळी माझ्याकडे हळदीकुंकवाला या, असं प्रत्येकीला सांगून आली. मग मात्र माझ्या दारात येऊन म्हणाली, "ताई, कोणीच नाही आलं तर?"

"तर डाळ आपण दोघी खाऊ."

पण आल्या. काकू कठडा धरत, कुरकुरत आल्या, सुरेखा सासूला घेऊन आली, तिच्या मागून तिच्या जावा. जिन्यात चपला मावेनात. उखाणे झाले, हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि ऐन रंगात पन्हं संपलं.

मी धसकले. आता ही रडणार! पण लीलाने पदर खोचला आणि रिकामं पातेलं सरळ काकूंपुढे धरलं. "काकू, तुमच्याकडे उकडलेल्या कैऱ्या असतील ना? मला हव्यात. किल्ली द्या, मीच आणते."

काकूंनी कमरेची किल्ली काढून दिली. "गूळही तिथेच आहे," त्या म्हणाल्या, "आणि ये लवकर, तुझ्यावाचून अडलंय आमचं."