मास्तरांनी शिवलेली होडी

मी एक जुनी लाकडी होडी आहे, मित्रांनो, आणि सध्या तलावाच्या काठावर दोन ओंडक्यांवर पालथी पडले आहे. पालथ्या होडीला जग फारसं दिसत नाही. खालची माती दिसते, मातीवरच्या मुंग्या दिसतात, आणि कडेच्या फटीतून रस्त्यापलीकडचं एक घर दिसतं. त्या घराला एक खिडकी आहे आणि एक दार. दार शेजारच्या सगळ्या दारांपेक्षा रुंद आहे. परवा तिथे नवं बिऱ्हाड आलं. कपाट आत घेताना ती तरुण बिऱ्हाडकरीण नवऱ्याला म्हणाली, "बरं झालं बाई, दार मोठं आहे. पण एवढ्याशा खोलीला एवढं दार केलं कुणी?"

"असेल कुणीतरी जाडजूड," नवरा म्हणाला.

ती जाडजूड मीच!

बाकीच्या होड्या पाण्याच्या कडेला जन्मतात. माझा जन्म त्याच घरात, तेव्हाच्या शिंप्याच्या दुकानात झाला, कापड कापायच्या लांब टेबलावर. सगळा गाव त्या शिंप्याला मास्तर म्हणायचा आणि त्यांच्या बायकोला मास्तरीणबाई. मास्तरांनी गावातल्या कित्येक माणसांना पहिला कोट घातला होता. काज, बटणं, हातशिलाई हे बाईंचं काम. पुढे तयार कपड्यांची दुकानं झाली. मग लोक मास्तरांकडे फक्त चेन बदलायला आणि पँट आखूड करायला यायला लागले. मग तेही येईनासे झाले. टेबल रिकामं पडलं. मास्तर रोज सकाळी ते पुसायचे आणि त्याच्याकडे बघत बसायचे.

बाईंची बसायची जागा खिडकीशी होती. समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे तलाव. एक दिवस दातांनी दोरा तोडता तोडता त्या म्हणाल्या, "अहो, इतकी वर्षं मी घरातून तलाव बघतेय. तलावातून घर कसं दिसत असेल हो?"

"कसं दिसणार? लहान दिसेल."

"लहान तर लहान. मला एकदा बघायचंय."

बाईंनी मास्तरांकडे फार काही मागितलं नव्हतं. त्यामुळे मास्तरांना ते एवढंसं मागणंही मोठं वाटलं असावं. तलावात तर एकही होडी नव्हती. मग कुठल्याशा जुन्या मासिकात त्यांना एक आराखडा सापडला. प्लायवूडचे तुकडे कापायचे, कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेनं ते एकमेकांना टाके घालून जोडायचे आणि शिवणीवर घट्ट गोंद भरायचा, की झाली होडी. मास्तर ते वाचून टेबलावर थाप मारून म्हणाले, "अगं, यात सुतारकाम नाहीच मुळी. हे तर शिवणकाम आहे!"

शेजारच्या सुतारानं ते ऐकलं. येता जाता तो दारात थांबून विचारायचा, "काय मास्तर, होडी शिवताय की घेरदार झगा?"

"झगा. तुझ्याच मापाचा," मास्तर मान वर न करता सांगायचे.

शिंपी माप घेतल्याशिवाय कात्री धरत नाही. मास्तरांनी बाईंना बसक्या स्टुलावर बसवून त्यांचं माप घेतलं. मग स्वतः बसले आणि टेप बाईंकडे दिली. "पोट आत ओढू नका," बाई म्हणाल्या, "खरं माप द्या. बुडायचं नाहीये आपल्याला." तर अशी मी दोन माणसांच्या मापानं बेतली गेले. वल्ही मारणाऱ्याची एक फळी आणि त्याच्यासमोर दुसऱ्या माणसाची एक. तोलही दोघांचाच. खाकी कागदावर माझे भाग आखले गेले. मग तेच प्लायवूडवर ठेवून पांढऱ्या खडूनं रेषा मारल्या गेल्या.

इथेच चूक झाली, मित्रांनो, आणि ती शिंप्याशिवाय कुणाच्या हातून झाली नसती. शिंपी कापड कापताना शिवणीसाठी रेषेबाहेर थोडं कापड सोडतो. त्याला तो माया म्हणतो. पुढे माणूस सुटला तर ती माया उसवून कपडा सैल करता येतो. मास्तरांनी आयुष्यभर हेच केलं होतं. हातानं डोक्याला विचारलंच नाही. माझ्या प्रत्येक तुकड्याला, प्रत्येक कडेला त्यांनी दोन-दोन बोटं माया सोडली. लाकूड काही आत दुमडत नाही. ती बोटं सगळीच्या सगळी माझ्या अंगात आली.

तेव्हा हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मास्तर बाहेरून तार घालायचे, बाई आतून पक्कडीनं पीळ द्यायच्या. शिवणी अशा सरळ आल्या की सुतारानं एकदा त्यावरून बोट फिरवलं आणि त्या दिवशी झग्याचा विषय काढला नाही. गोंद भरला गेला, तारा कापल्या गेल्या, काठाला कोटाच्या गोटासारखी लाकडी पट्टी लागली. बाहेरून हिरवा रंग, आतून राखाडी. बाई म्हणाल्या, "अस्तर छान शोभतंय."

मला बाहेर काढायच्या दिवशी अख्खी गल्ली जमली होती. दार अरुंद होतं, ते मास्तरांना माहीत होतं. मला कुशीवर वळवून काढायचं, असा त्यांचा हिशेब होता. पण तो मासिकातल्या मापावर केलेला. माझं नाक बाहेर गेलं. मला वारा लागला, पाण्याचा वास आला. आणि पोट चौकटीत अडकलं. लोकांनी ओढलं, ढकललं, "जरा श्वास आत घे गं बाई" असं मलाच सांगून झालं. गल्ली हसून हसून लोळली.

सुतार म्हणाला, "त्यात काय एवढं? चौकट काढतो. दुपारी होडी पाण्यात, संध्याकाळी चौकट जागेवर."

मास्तर हसले नव्हते. त्यांचे कान लाल झाले होते. "कपडा अंगाला बसला नाही तर कपडा दुरुस्त करतात," ते म्हणाले. "गिऱ्हाईकाचं अंग तासत नाहीत. चूक माझ्या कटिंगची आहे. मी होडी आवळून घेईन."

"अहो, काढू द्या ना चौकट," बाई हळूच म्हणाल्या. पण मास्तरांनी मला आत ओढलं होतं.

शिवलेलं कधीही उसवता येतं, या भरवशावर मास्तरांचा सगळा धंदा उभा होता. पण मी नुसती शिवलेली नव्हते, चिकटवलेलीही होते. त्यांनी ब्लेड घालून पाहिलं, पटाशी लावून पाहिली, शिवणीवर गरम इस्त्री फिरवून पाहिली. माझा टवका निघायचा, पण शिवण सुटायची नाही. टवका निघाला की त्यांचा जीव घाबरा व्हायचा आणि ते हात आखडता घ्यायचे. "पुढच्या महिन्यात बघू," म्हणायचे. सुतार पुन्हा पुन्हा विचारायचा, मास्तर पुन्हा पुन्हा तेच सांगायचे. आणि बाई म्हणायच्या, "राहू दे हो. तलाव कुठे पळून चाललाय?"

अशी किती वर्षं गेली, मी मोजली नाहीत. माझ्यात आधी जास्तीची उशी आली, मग गाद्या, मग न लागणारं सगळंच. मी होडीची पेटी झाले. माझं लाकूड सुकत गेलं. समोर पाणी चुळबुळायचं, ते मला ऐकू यायचं. ज्याच्यासाठी आपण जन्मलो ते रस्त्यापलीकडे असावं आणि आपण गाद्यांखाली असावं, हे एकटेपण मला कुणाला सांगताही येत नव्हतं.

सोबत असायची ती बाईंची. दुपारी मास्तर पडले की त्या गाद्या सरकवायच्या आणि माझ्यात, आपल्या फळीवर येऊन बसायच्या. तिथेच शिवण घ्यायच्या. सुरुवातीला सुईत दोरा एका झटक्यात ओवायच्या. मग सुई डोळ्यांजवळ न्यायला लागल्या. मग मास्तरांकडून ओवून घ्यायला लागल्या. "हल्ली दोरा जाड येतो मेला," म्हणायच्या. पुढे पुढे माझा काठ हातानं चाचपून त्या पाय आत टाकू लागल्या. मी ओळखलं होतं. मास्तरांनी नाही. रोज समोर असलेल्या माणसाचं माप कोण घेतं?

एके दिवशी मास्तरांच्या काळ्या कोटाचं बटण तुटलं. बाईंनी ते लावून दिलं. मास्तरांनी कोट हातात घेतला आणि बघतच राहिले. काळ्या बटणाला पांढरा दोरा होता. ते थट्टा करणार होते, तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात खिडकीकडे तोंड करून बाई म्हणाल्या, "आज धुकं फार आहे, नाही?"

बाहेर टळटळीत ऊन होतं.

मास्तरांनी तो कोट तसाच अंगात घातला, शेजारी सुताराकडे गेले आणि म्हणाले, "चौकट काढ."

"आत्ता?"

"आत्ता. आणि परत बसवशील ती रुंद बसव."

गिऱ्हाईकाच्या अंगावरून काहीतरी बोलायला सुतार तयारच होता. पण त्याची नजर बटणावर गेली. त्यानं मुकाट्यानं हत्यारांची पिशवी उचलली.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही ते गेले. डॉक्टर म्हणाले, "आधी आणायला हवं होतं." परत येताना बाईच म्हणाल्या, "अहो, चौकट निघाली ना? मग चला की."

मी पाण्यात उतरले तेव्हा सुकलेल्या शिवणींतून आधी थोडं पाणी आत आलं. बाईंचे पाय भिजले. "अय्या, गळतेय!" त्या हसल्या आणि मगानं पाणी उपसायला लागल्या. वल्ही मारणाऱ्याचं तोंड नेहमी मागे, सोडलेल्या काठाकडे असतं, आणि समोर बसलेल्याची त्या काठाकडे पाठ. म्हणजे घर मास्तरांना दिसत होतं. बाईंना डोळे असते तरी मान वळवावी लागली असती. त्यांनी ती वळवली नाही.

मध्यावर आल्यावर त्यांनी विचारलं, "दिसतंय?"

"दिसतंय."

"मग सांगा ना. सांगायला तोंड दुखतं का?"

"लहान दिसतंय," मास्तर म्हणाले. "काडेपेटीएवढं. चौकट नाही ना, तिथे तुझी जुनी चादर लावलीय, ती हलतेय. पुढचं बटण तुटलेल्या सदऱ्यासारखं दिसतंय घर."

बाई खळखळून हसल्या. "आणि माझी खिडकी?"

"उघडी आहे." मास्तरांचे हात थांबले. "खिडकीत कुणी नाहीये गं."

"कसं असेल? मी इथे आहे ना."

पुष्कळ वेळ मी नुसतीच तरंगत होते. मग बाई म्हणाल्या, "दिसलं हो मला."

त्यानंतर ती दोघं रोज यायची. त्या दिवसांचं सांगण्यासारखं काही नाही. सुखाच्या दिवसांचं नसतंच. बाई रोज विचारायच्या आणि मास्तर रोज घर सांगायचे. कधी कौलावर मांजर बसलेलं, कधी सुतारानं बसवलेली नवी रुंद चौकट. काही दिवशी मांजर नसायचंही, तरी मास्तर ते कौलावर बसवायचे. ते मला कळायचं.

मग बाई गेल्या.

मास्तर कितीतरी दिवसांनी एकटेच आले. बसले, वल्ही उचलली, आणि माझी बाईंकडची बाजू वर उचलली गेली. माझा त्यात इलाज नव्हता. मला दोघांच्या मापानं बेतलं होतं. रिकामी फळी त्यांच्या डोळ्यांसमोर वर आली, आणि तिच्यामागे घर आणि उघडी खिडकी. ते तसेच काठाला लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातली जुनी लोखंडी इस्त्री आणली आणि बाईंच्या फळीवर ठेवली. बाईंच्या वजनाची ती थोडीच होती? पण मी जरा खाली बसले. इस्त्रीसमोर बसून ते वल्ही मारायचे. "खिडकी उघडीच आहे," इतकंच एकदा म्हणाले. इस्त्री काही विचारत नव्हती.

हात थकले तशी त्यांची लेक त्यांना न्यायला आली. मास्तरांनी कपडे मोजकेच घेतले, पण इस्त्री घेतली. लेक म्हणाली, "बाबा, एवढं जड कशाला?"

"लागते," ते म्हणाले.

मला सुतारानं ओंडक्यांवर पालथं ठेवलं. वर्षातून एकदा तो तेल लावून जायचा, लावता लावता म्हणायचा, "झगा टिकलाय हं मास्तरांचा." आता तोही येत नाही. रंग उडालाय, शिवणी कोरड्या पडल्यात. पाणी अजून चुळबुळतं.

पण मित्रांनो, काल एक गोष्ट झाली. ती नवी बिऱ्हाडकरीण संध्याकाळी खिडकीत उभी होती. तलावाकडे बघत होती, बराच वेळ. आतून नवऱ्यानं विचारलं, "काय बघतेस गं?" ती म्हणाली, "काही नाही. राहू दे."

हे "राहू दे" मी ओळखते. तुमच्यापैकी कुणी त्या रस्त्यानं जाणार असाल, तर त्या नवऱ्याला सांगा, तिला परत विचार, आजच विचार. मी इथेच आहे म्हणावं. मला सुलटी करा, शिवणींत गोंद भरा, तेल पाजा. पहिल्या दिवशी थोडी गळेन, घाबरू नका. आणि मला पाण्यात घालाल तेव्हा दोघं या. रिकामी फळी मला अजून तोलता येत नाही.