पांढऱ्या तुकड्यातलं पीक

आमच्या घरात काहीही बिघडलं की खापर खारावर फुटतं. भिंतीचा पोपडा निघाला, खार. नळ गंजला, खार. शेताचा मागचा तुकडा तर मिठानं पांढराफटक, पाऊल टाकलं की वरची खपली मोडायची. तिथे मी हट्टानं क्विनोआ हे परदेशी धान्य पेरलं, खाऱ्या जमिनीतही येतं असं ऐकून. आमचे हे म्हणाले, "एक हंगाम घे. नाही जमलं तर तिथे कोळंबीचं तळं खणायला देणार." शब्दाचे ते पक्के, तीच तर भीती.

पीक कमरेएवढं आलं, लाल-पिवळ्या तुऱ्यांचं. थोडे दाणे झोडून घरी आणले, एकदा वरवर खळबळले आणि निम्मे शिजवून जेवायला वाढले. तळ्यावाला दुसऱ्याच दिवशी यायचा होता.

यांनी घास घेतला नि तोंड वाकडं केलं. "खार उतरलाय दाण्यात. उद्या त्याला हो म्हणून टाकतो."

मीही चाखलं. जीभ आखडली. खारच, दुसरं काय असणार? मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

सासूबाईंचं मीठ डॉक्टरांनी बंद केलेलं. तेव्हापासून त्यांचा सगळा जीव मिठात अडकलेला. त्यांनी ताट पुढे सरकवलं. "खारट आहे ना? मग मला वाढ. डॉक्टरांचं मी बघते."

"आई, नको," हे म्हणाले, पण घास तोंडात गेला होता. चघळता चघळता सासूबाईंचा चेहरा पडला.

"कसला खार? कडू आहे मेलं. मिठाचा कण नाही यात. फसवलंत मला."

मी उठले. उरलेले दाणे पाण्यात घालून चोळले, तर भांडंभर साबणासारखा फेस. कडूपणा सगळा सालीत होता. फेस थांबेपर्यंत पाणी बदलत राहिले, पुन्हा शिजवलं आणि मीठ न घालताच वाढलं. मुद्दामच.

हे सावकाश जेवत होते. मी त्यांच्या ताटाकडे बघायचं टाळलं. जन्मभर त्या तुकड्याला शिव्या घालत आलेला माणूस.

मग त्यांनी बरणी ओढली आणि चिमूटभर मीठ घेतलं. "अळणी लागतंय," ते म्हणाले, नि हात तसाच ताटावर थांबला.

सासूबाई बरणीवरची नजर न काढता म्हणाल्या, "तळ्यावाल्याला तू फोन करतोस, की मी करू?"